चाळीस बैलांचा पुरावा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मध्ये तोंड घालायला नको. ‘पाळत-मंडळ’ फुलसावंगीत सगळ्यांत आधी मी वाचलं. अडत्याच्या प्रभाकरने नाही, काळे गुरुजींनी नाही. कोसभर लांबच्या बंजारा तांड्यावरून डोक्यावर दप्तर ठेवून चालत येणाऱ्या सोनीने, म्हणजे मी. पंचाहत्तरी उलटली, दात पडले, पण हा अभिमान काही हललेला नाही. नातवंडं म्हणतात, आजी, एवढं काय त्यात? त्यांना काय कळणार? त्या वेळी आमच्या तांड्यावरून शाळेत जाणारी मी पहिली मुलगी होते आणि पहिलेपणाची मला सवयच लागली होती.

‘पाळत-मंडळ’ ही तेव्हाची मुलांसाठीची पुस्तकमाला. पुण्यातली चार शाळकरी मुलं, मधू त्यांचा नायक, आणि दर भागात एक चोरी. मधू गळ्यात छोटी वही अडकवून हिंडायचा, दिसेल ते टिपून घ्यायचा आणि शेवटच्या प्रकरणात चोराला सगळ्यांसमोर उभं करायचा. ‘आधी पुरावा, मग नाव’ हे त्याचं ब्रीद. माझ्याकडे त्यातला कुठला तरी एक भाग आला तो महागावच्या बाजारातून. बा मिरच्या आणि गूळ आणायला गेला होता. रद्दीवाल्याच्या ढिगात त्याला पुस्तकं दिसली आणि शाळेत जाणाऱ्या पोरीसाठी त्यातलं एक घ्यावं असं त्याच्या मनात आलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने पुस्तक पारखलं ते ज्वारी पारखावी तसं, आधी हातात तोलून, मग उघडून बोटाने चाचपून. “याच्यात अक्षरं बारीक हायेत,” घरी आल्यावर तो म्हणाला, “म्हंजे जास्त असतीन.” पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पहिली अकरा पानंही नव्हती. नाव काय ते मला दोन वर्षं कळलं नाही. ती अकरा पानं मी माझ्या मनाने रचली होती आणि आजही माझी मला जास्त आवडतात.

संध्याकाळी मी ते मोठ्याने वाचायची. याडी, म्हणजे माझी आई, चुलीपुढे ज्वारीची भाकर थापत असायची. आमच्या गोर बोलीत भाकरीला बाटी म्हणतात. तव्यावरची भाकर विस्तवाला उभी लावली की तिच्या पापुद्र्यातून वाफ फुसकन बाहेर पडायची, बाजूला अंबाडीची भाजी रटरटत असायची आणि पाट्यावर लसूण-मिरची रगडल्याचा ठसका सगळ्या घरभर. शेजारच्या बायका सुई-दोरा आणि आरशांची पुडी घेऊन यायच्या, कारण हात रिकामे ठेवून गोष्ट ऐकणं आमच्यात आळशीपणाचं समजतात. खाटेवर दादा. आमच्या बोलीत आजोबांना दादा म्हणतात. हुंकारा द्यायचं काम त्याच्याकडे. हुंकारा देणारा नसेल तर आमच्याकडे गोष्ट सांगतच नाहीत. दर वाक्याला त्याने “हूं” म्हणायचं, मग मी पुढे जायचं. डोळे मराठीवर आणि तोंडातून गोर बोली, असं माझं चालायचं. टेलिफोन आला की थांबून तारेतून बोलतात हे समजवायचं, पुण्याचा पूल आला की तो किती बैल रुंद आहे ते माझ्या अंदाजाने ठोकून द्यायचं. दादा बारीक डोळे करून ऐकायचा आणि दुसऱ्याच दिवशी त्याने चोर कोण ते ओळखलं. ते एकच पुस्तक मी तांड्यावर पाच वेळा वाचलं. पाचही वेळा बायका शेवटी चोराला शिव्या घालत उठल्या.

आणि मग प्रभाकरच्या यवतमाळच्या मामाने त्याला एकदम सहा भाग पाठवले. महिनाभरात शाळेला वेड लागलं. वेड म्हणजे किती, तर पोरांनी गळ्यात सुतळीने वह्या बांधल्या. पोरं हात मागे बांधून, मान वाकडी करून चालायला लागली, कारण चित्रातला मधू तसा चालायचा. हेडमास्तरांची शेळी सुटली तर अर्धी शाळा तिचे ठसे मोजत नाल्यापर्यंत गेली आणि शेळी मागे गुरुजींच्या धोतराचा सोगा खात उभी. कोणाची पेन्सिल हरवली, कोणी डबा उघडून लोणचं पळवलं, की लगेच दहा तोंडांतून “आधी पुरावा, मग नाव!” मला याची भयंकर चीड यायची. उघडच सांगते, जीव जळायचा. दोन वर्षं जे माझं एकटीचं होतं, माझ्या चुलीजवळचं होतं, ते आता हगवणीसारखं गावभर झालं होतं. वर प्रभाकर एकदा मलाच विचारतो, “मधू कोन हाय, माहीत तरी हाय काय तुले?” त्या दिवशी मी त्याच्या पाटीवर थुंकले नाही हे माझे संस्कार.

त्यांनी शाळेत स्वतःचं मंडळ काढलं. सभासद व्हायला स्वतःचा निदान एक भाग दाखवावा लागे. मी माझं पुस्तक नेलं. प्रभाकरने ते उलटसुलट करून पाहिलं. हा प्रभाकर म्हणजे गावच्या कापसाच्या अडत्याचा मुलगा, गोरा, गोल, अभ्यासात माझ्या खाली पण आवाजात सगळ्यांच्या वर. “याले पुठ्ठा नाही, नाव नाही. हे पाळत-मंडळच हाय कशावरून?” तो म्हणाला. मी पान काढून मधूचं नाव दाखवलं. तो म्हणाला, “मधू नावाचे लय असतेत.” पोरं हसली. मी पुस्तक पोटाशी धरून घरी आले आणि कोणाला काही सांगितलं नाही. पुढे चाळीस वर्षं मी मास्तरकी केली, पण कुठल्याही मुलाच्या फाटक्या पुस्तकाला कधी फाटकं म्हटलं नाही, त्याचं मूळ तिथे असावं.

स्नेहसंमेलन आलं. काळे गुरुजीही त्या वेडातून सुटले नव्हते. त्यांनी अगदी नव्या भागावर, ‘चाळीस बैलांचं गूढ’ यावर, नाटक लिहिलं. मधू अर्थातच प्रभाकर. तो भाग सभासदांतच फिरत होता, मला हात लावायला मिळाला नव्हता. एक दिवस सुट्टीत प्रभाकर माझ्याजवळ आला, चेहरा मऊ करून. “सोने, तुह्या मायचे ते आरशाचे कपडे हायेत ना? नाटकाले पाह्यजेत. वसंता घालणार हाय. आणशीन तर तुले मंडळात घेतो.” मी विचारलं, “आणि नवा भाग?” तो म्हणाला, “आजच ने.” मी एका दमात हो म्हटलं. कपडे कशाला हवेत, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. इतकी मी हरखले होते.

याडीला सांगितलं तर ती माझ्याहून हरखली. तिने पेटीच्या तळातून लग्नातला फेटिया काढला. फेटिया म्हणजे आमच्या बायकांचा घेरदार घागरा. लाल जमीन, त्यावर आरसे, कडेला कवड्यांची रांग. कांचळी म्हणजे चोळी काढली, ओढणी काढली. फेटियाचे दोन आरसे गळले होते, ते बसवायला ती लगेच सुई घेऊन बसली. आणि जी बाई दारावरून जाईल तिला हाक मारून सांगायची, “माहा फेटिया शाळेत जाऊन राह्यला!” आमचं घरातलं बोलणं सगळं गोर बोलीत, मी इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहिते आहे, पण तिच्या आवाजातली ऐट मला कुठल्याच बोलीत लिहिता येणार नाही. स्वतः ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती. तिचा फेटिया चढणार होता. तांड्यातल्या आठ-दहा बायका घेऊन नाटकाला यायचं तिने नक्की केलं.

हे सगळं मी दप्तर टाकल्या टाकल्या सांगितलं आणि नवा भाग घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बाभळीखाली जाऊन बसले. गोष्ट अशी होती. एका व्यापाऱ्याच्या कुलूपबंद गोदामातले कापडाचे सगळे तागे एका रात्रीत नाहीसे होतात. गावात कोणालाच काही ऐकू येत नाही. मधू शोध लावतो. गावाबाहेर एक तांडा उतरलेला असतो. आरशांच्या घागऱ्यातली एक बाई मणी विकायच्या निमित्ताने गोदाम हेरून जाते, आणि तांड्यातले पुरुष चाळीस बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून, एकेकट्याने एकेका बैलावर मालाची गोण लादून, चूपचाप निघून जातात. शेवटी मधू बोट दाखवून म्हणतो की चोरी या लोकांच्या रक्तातच आहे. मधू म्हणतो. माझा मधू. मी ते पान तीनदा वाचलं. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. गावात येता-जाता असलं कानावर पडायचंच, त्याला आम्ही सरावलो होतो. पण पाच वेळा ज्याची गोष्ट मी माझ्या माणसांना ऐकवली, त्यानेच आमच्याकडे बोट दाखवावं? आणि वसंता माझ्या याडीचा फेटिया घालून ती हेर बाई होणार होता. याडी पुढे बसून ते बघणार होती.

संध्याकाळी सगळे जमले. नवं पुस्तक म्हणून रोजच्यापेक्षा जास्त जण होते. माझं डोकं दुखतंय म्हटलं तर याडीने कपाळाला सुंठ उगाळून लावली आणि वाच म्हणाली. मी वाचायला लागले. तांड्याचं प्रकरण आलं तेव्हा मी तांड्याची सर्कस केली. बैलांचे हत्ती केले. दादाचा हुंकारा बंद झाला. मी वर पाहिलं. तो म्हणाला, “पोरी, तुहा आवाज पाय ओढून राह्यला. जे लिहेल हाय ते वाच.” मग मी वाचलं. एकही शब्द न गाळता, अगदी रक्तातल्या चोरीपर्यंत. वाचताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. बा उठून बाहेर गेला. याडीच्या हातातली सुई तशीच थांबली, मग तिने फेटियाची घडी घातली आणि मांडीवर ठेवून दिला. भाकर करपल्याचा वास आला तरी कोणी उठेना.

तेवढ्यात दादा म्हणाला, “घंटा काढल्या म्हंते?” मी मान हलवली. “चाळीसही बैलांच्या?” मी हो म्हटलं. “मंग बैल चालले कसे?” दादाचं लहानपण लादलेल्या बैलांमागे चालण्यात गेलं होतं, धान्य, मीठ, सरकी घेऊन त्याचा बाप मुलुखभर हिंडायचा. त्याला आमचा अपमान झाल्याचा राग नंतर आला. आधी राग आला तो लिहिणाऱ्याच्या अडाणीपणाचा. “म्होरक्याच्या गळ्यातली घंटा आयकून मागचे बैल चालतेत. घंटा काढली तर चाळीस बैल चाळीस वावरात जातीन! आन् गोणी? एका बैलावर एका मानसानं गोण लादली म्हंते? जोडगोणीले दोन मानसं लागतेत, दोन बाजूनं, एकाच दमात. आन् कुत्रे कोठी गेलते आमचे? आम्ही गावाले यायच्या आधी कोसावरून ठावं पडे का तांडा येऊन राह्यला. ज्याले चोरी करायची हाय तो घंटा बांधून हिंडते काय?” तो खाटेवरून उठून येरझाऱ्या घालायला लागला. मग एकदम माझ्यापुढे थांबला. “गोदामाची किल्ली कोनाजोळ होती?” मी पान उलटलं. पहिल्याच प्रकरणात होतं: मुनिमाजवळ. “मंग?” दादा म्हणाला आणि खाटेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी उभी राहिले. “कपडे मिळणार नाहीत,” मी म्हटलं, “पुस्तकात चोर चुकला हाय.” हशा पिकला. प्रभाकर म्हणाला, “तुले तांड्याचं लागलं म्हून म्हणून राह्यली तू.” मी म्हटलं, “लागलंच. पण ते सोड. आधी पुरावा, मग नाव, म्हंता ना तुम्ही? मंग पुरावा पाहा.” आणि दादाने सांगितलेलं सगळं घडाघडा बोलले. हसणं थांबलं. तीन महिने ती पोरं जागेपणी आणि झोपेत पुरावा-पुरावा करत होती, आता त्यांना कान झाकता येईनात. ज्या वेडाची मला एवढी चीड होती त्याच वेडाने माझं ऐकून घेतलं, हे मी इतक्या वर्षांनी मान्य करते. काळे गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “तुह्या आजोबाले घेऊन ये.”

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दादा आला. डोक्याला धुतलेलं पागोटं, हातात कासरा, मागे आमचा पांढरा बैल आणि त्याच्या पाठीवर दादाच्या बापाची जुनी, दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडगोणी. शाळेपुढच्या मैदानात त्याने ती उतरवली, दोन्ही बाजूंना वाळू भरून घेतली आणि प्रभाकरला म्हणाला, “मालक, तुम्ही शोधक ना? लादा. एकल्यानं. आन् आवाज नाही झाला पाह्यजे.” प्रभाकरने बाह्या मागे सारल्या. पहिल्या वेळी गोण उचललीच गेली नाही. मग वाळू निम्मी केली. दुसऱ्या वेळी एक बाजू बैलाच्या पाठीवर गेली, दुसरी जमिनीवर राहिली, बैल दोन पावलं सरकला आणि प्रभाकर गोणीसकट आडवा झाला. बैल हंबरला, कुत्री भुंकली, पोरं किंचाळली, हेडमास्तर काय झालं म्हणून बाहेर आले. तिसऱ्या वेळी तो उठला तेव्हा त्याच्या गोऱ्या अंगावर जिकडेतिकडे वाळू होती. त्याला कोणी थांब म्हणालं असतं तर तो थांबला नसता, हे मला दिसत होतं, आणि त्या क्षणी तो मला पहिल्यांदा बरा वाटला. तिसऱ्या वेळीही पडल्यावर तो तसाच मातीत बसून राहिला. गळ्यातली वही काढून त्याने काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, “गुरुजी, हे एका मानसाचं काम नाही. आन् चूपचाप तर कोनाचंच नाही.” आणि वहीत पाहून, “किल्ली मुनिमाजोळ होती.” दादा त्याच्याकडे पाहून एवढंच म्हणाला, “हूं.”

गुरुजींनी दोन दिवसांत नाटकाचा शेवट बदलला. पंचाईत अशी की आता तांड्यातल्या बाईला बोलायला बरंच आलं, पुरावा तीच सांगणार होती, आणि वसंताला फेटिया सांभाळत ते पाठ होईना. तो घेरात पाय अडकून दोनदा मंचावरून खाली आला. शाळेच्या नाटकात तोवर मुली नसत. ते काम मला द्यायचं म्हणून गुरुजी बाला विचारायला तांड्यावर आले. बा काही बोलायच्या आत याडी म्हणाली, “सोनी जाईन. फेटिया माहा हाय.” प्रश्न मिटला.

संमेलनाच्या दिवशी सगळं गाव आलं होतं. पुढे सतरंजीवर प्रतिष्ठित मंडळी, त्यांत प्रभाकरचे वडील आणि त्यांच्या बाजूला त्यांचा मुनीमही, बिचारा उगाचच घामाघूम झालेला. सगळ्यांत मागे तांड्यातल्या बायका, उभ्या. फेटिया मला मोठा होता, कमरेला दोनदा गुंडाळला होता. मधूने बोट दाखवलं आणि मी मंचावर आले. पेट्रोमॅक्सच्या उजेडात ते आरसे असे लखलखले की पुढच्या रांगेचे डोळे दिपले. गुरुजींनी लिहिलेलं पहिलं वाक्य मराठीत होतं. मी ते म्हटलं नाही. मी म्हटलं, “हाम चोर कोनी.” आम्ही चोर नाही. आमची बोली त्या शाळेत पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने बोललं. मागून बायकांचा गलका उठला आणि त्यात याडीचा आवाज मला वेगळा ऐकू आला. ती सगळ्या गावादेखत ओरडत होती, “माही पोरगी हाय थे! माही हाय!” मग मी उरलेलं सगळं मराठीत सांगितलं, घंटा, गोणी, कुत्री, किल्ली, सगळं, आणि प्रभाकरने नाटकातल्या मुनिमाची कॉलर धरली. टाळ्या थांबेनात.

त्या मालेच्या प्रकाशकाला मी पत्र लिहिलं होतं. दादाने सांगितलं, मी उतरवलं, गोणी कशी बांधतात त्याचं चित्रही काढलं. उत्तर आलं नाही. मध्यंतरी ती सगळी पुस्तकं नव्याने निघाली, चकचकीत पुठ्ठ्यांची. यवतमाळच्या दुकानात मी ‘चाळीस बैलांचं गूढ’ उघडून शेवटचं प्रकरण पाहिलं. घंटा काढलेल्याच होत्या. चोर आम्हीच होतो.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला फुलसावंगीत गेले. प्रभाकर भेटला, टक्कल पडलेला, काठी टेकत. त्याचा नातू तेच नवं पुस्तक घेऊन त्याच्या मागे लागला होता. म्हणत होता, “आबा, तुम्ही तर नेहमी सांगता, मुनीम चोर होता. याच्यात तर तांडा लिहेल हाय.” प्रभाकरने चष्मा लावला. ते पान सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचलं. पुस्तक मिटून त्याने पोराच्या हातात परत दिलं.

“लिहिनारा तेथी नव्हता,” तो म्हणाला. “मी होतो. चोर मुनीमच हाय.”